चिमणीला अर्थिंग

चिमणीचं खोकं आठवडाभर बैठकीतल्या सोफ्यावर बसून होतं आणि तेवढे दिवस तात्यासाहेब दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. खोकं खाली फरशीवर ठेवायला त्यांच्या बायकोची, द्वारकाबाईंची हरकत नव्हती, पण सूनबाईची, सत्यशीलेची होती. नवी कोरी विजेची वस्तू, ओल लागली म्हणजे?

गॅसच्या शेगडीवर भिंतीला बसवायची, फोडणीचा धूर ओढून घराबाहेर टाकायची ही चिमणी सत्यशीलेनं तोंडानं कधी मागितली नव्हती. तिच्या खोकल्यानं मागितली होती. सिडकोतल्या त्या रो-हाउसचं स्वयंपाकघर आधीच चिंचोळं. त्यात मागच्या अंगणात भिंत उभी राहिली तेव्हापासून खिडकीतून येणारा वारा बंद झालेला. द्वारकाबाई माहेरच्या वेरूळच्या. तव्यावर हिरवी मिरची परतून ठेचा केल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे, आणि मिरची तव्यावर पडली की सत्यशीला खोकत खोकत पार पुढच्या गेटपर्यंत जात असे.

वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा मुलगा रामकिसन हे सगळं बघत होता. एका रविवारी त्यानं सहज बोलल्यासारखं सांगितलं, की बीड बायपासला एक फ्लॅट बघून ठेवलाय, आणि तिथं चिमणी आधीच बसवलेली मिळते. तात्यासाहेबांनी तोंडापुढचा पेपर खाली केला नाही, पण त्या दिवशीचं शब्दकोडं कोरंच राहिलं. घराचे एकदा दोन तुकडे झालेले त्यांनी पाहिले होते. त्यात त्यांचा स्वतःचा हात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न सांगता गुलमंडीच्या बाजारात गेले आणि दुकानात चिमणी पसंत करून आले.

बसवायला दुकानाचा माणूस फारूख आला तेव्हा घरातले सगळे स्वयंपाकघरात गोळा झाले. फारूखला घाई होती. अजून दोन घरं करायची होती आणि जिन्सीत बहिणीकडं जेवायला जायचं होतं. त्यानं टेप काढली आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सुरुवात केली.

"शेगडीपासून दोन ते अडीच फूट," तो म्हणाला. "त्याच्याखाली घेतली तर जाळीतलं तेल पेट घेतं. वर घेतली तर धूर इकडंतिकडं जातो. बोला, कुठं लावू?"

प्रश्न साधा होता, पण द्वारकाबाई सुनेच्या खांद्याला लागत होत्या. अडीच फुटांवर त्यांचा हात बटणांपर्यंत पोहोचेना. दोन फुटांवर सत्यशीलेचं कपाळ बरोबर चिमणीच्या कडेला येत होतं.

"आत्याबाई, फोडणी द्यायला वाकले की माझं डोकं फुटंल," सत्यशीला म्हणाली.

"मग मी बटण काय लाटण्यानं दाबू?"

रामकिसननं मध्ये तोंड घातलं. "आई, तू पाटावर उभी राहत जा की."

"एवढं वय झालं, ह्या घरात माझी उंची कुणी काढली नव्हती," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बरं, मग सत्यशीला, तूच जरा वाकून..."

"वाकूनच हाय मी. लग्न झाल्यापासून."

रामकिसन पाणी प्यायला बाहेर गेला. तात्यासाहेबांनी घसा साफ केला आणि निवाडा दिला, की सव्वादोन फूट. सासू-सुनेनं एकमेकींकडं पाहिलं. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं एकमत तिथं झालं: सव्वादोन फुटांवर चिमणी दोघींच्याही गैरसोयीची होती. फारूखनं मात्र तेवढ्यात खूण करून टाकली.

तात्यासाहेबांचा जन्म निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालातला, म्हणजे अठ्ठेचाळीसचा. वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीवर जीव लावला, ती म्हणजे अर्थिंग. विजेच्या वस्तूत कुठं गळती झाली तर करंट माणसाच्या अंगातून न जाता तारेवाटे जमिनीत जिरला पाहिजे, हे ते कुणालाही, कुठंही समजावून सांगत. पाहुण्यांच्या घरी गेले की चहा यायच्या आधी अर्थिंगची चौकशी. पुतणीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना मांडवाच्या खांबापाशी नेऊन विचारलं होतं, की ह्या लोखंडाला अर्थ केलाय का. व्याही अजून ते विसरले नव्हते.

त्यामुळं फारूखनं भिंतीला ड्रिल लावण्याआधी तात्यासाहेबांनी गॅसचा रेग्युलेटर काढायला लावला, सिलिंडर अंगणात नेऊन ठेवायला लावला, भिंतीतली वायर कुठून गेलीय ते स्वतः खडूनं आखून दिलं. मग भिंतीला भोक पडलं. एवढी धूळ उडाली की सत्यशीला नेहमीप्रमाणं गेटकडं गेली, द्वारकाबाई पदर नाकाला लावून तिच्यामागं गेल्या, आणि रामकिसन झाडू शोधायला गेला. अंगणातल्या भिंतीच्या पलीकडून एक ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. ते तात्यासाहेबांचे धाकटे भाऊ बद्रीनाथ. दोघांनी ही शेजारशेजारची घरं एकाच दिवशी घेतली होती, मागचं अंगण एकच ठेवलं होतं. मग अंगणात कार कुणी लावायची ह्यावरून बिनसलं, आणि भिंत झाली. आज दोघांकडंही कार नव्हती. बोलणंही नव्हतं.

"काका, प्लग इथंच द्यायचा ना?" फारूखनं विचारलं.

"थांब," तात्यासाहेब म्हणाले. "आधी अर्थिंग दाखवतो तुला. शिकून घे. माझ्या घरासारखं अर्थिंग सिडकोत नाय."

त्यांनी कपाटातून आपला टेस्ट लॅम्प आणला. होल्डरमध्ये एक साधा बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक सॉकेटच्या फेजमध्ये, दुसरं न्यूट्रलमध्ये घातलं. बल्ब लागला. मग दुसरं टोक त्यांनी वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगमध्ये घातलं.

बल्ब लागला नाही.

त्यांनी वायर हलवली. बाहेर काढून पुन्हा घातली. बल्ब काढून फुंकर मारून परत बसवला. काही नाही. फारूख चिमणीच्या पाइपाला टेप गुंडाळत होता, त्याची पाठ होती. तात्यासाहेबांनी लॅम्प हळूच शर्टाच्या आत धरला आणि तिथंच उभे राहिले.

त्यांना सगळं एकदम उमगलं. अर्थिंगचा खड्डा त्यांनीच खणला होता, दोन्ही घरांना मिळून एकच. लोखंडी पाइप, कोळसा, मीठ, सगळं स्वतःच्या हातानं. खड्डा अंगणाच्या त्या बाजूला होता. भिंतीचा पाया खणताना गवंड्यानं विचारलं होतं, साहेब, इथं एक तार लागली, काय करू? आणि रागाच्या भरात तात्यासाहेबांनी बघितलंसुद्धा नव्हतं. "तोड," असं ते म्हणाले होते. त्या वेळी त्यांना जे काही दिसेल ते तोडायचंच होतं.

"झालं का काका?"

"व्हय," तात्यासाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते अर्थिंगबद्दल खोटं बोलले.

आता बोलायचं तर कसं? सांगितलं तर फारूख निघून जाणार, पुन्हा कधी येणार त्याचा भरवसा नाही, आणि रामकिसनला फ्लॅटची आठवण व्हायला एवढं निमित्त पुरेसं होतं. शिवाय तोंड दाखवायचं कुणाला? न सांगावं तर चिमणी चालेल. फ्रिज नाही का चालत इतकी वर्षं. तात्यासाहेबांनी स्वतःला हे दोनदा सांगून पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यांचा स्वतःवर विश्वास बसला नाही.

फारूखनं चिमणी भिंतीला चढवली, पाइप भोकातून बाहेर काढला, प्लग खोचला. सगळे परत गोळा झाले. तात्यासाहेब म्हणाले, जरा थांबू, मुहूर्त बघू. आजवर कॅलेंडरची तिथीसुद्धा न पाहिलेला माणूस मुहूर्त म्हणाला म्हणून द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग ते म्हणाले, उंची परत एकदा मोजू. फारूखनं बटण दाबलं. चिमणी घरघरली. सत्यशीलेनं पेपरचं पान खाली धरलं तर ते वर ओढलं जाऊन जाळीला चिकटलं, आणि ती इतक्या दिवसांनी त्या ओट्यापाशी उभी राहून हसली.

तात्यासाहेबांनी खिशातला टेस्टर काढून चिमणीच्या पत्र्याला टेकवला. आतला इवलासा दिवा तांबूस मिणमिणला.

"तेवढं राहतंच काका," फारूख म्हणाला. "नवीन मशीन हाय. सबके घर में रहता. टेन्शन नक्को लेव."

"मला दाबू दे आता," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या भांडी विसळून आल्या होत्या. हात ओले, पाय अनवाणी, फरशीवर सांडलेलं पाणी. त्यांनी टाचा उंच केल्या, एक हात आधाराला चिमणीच्या कडेकडं नेला.

तात्यासाहेब त्या वयात कसे पळाले ते त्यांनाच कळलं नाही. बैठकीतल्या मीटरपाशी जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. घर गप्प झालं. पंखा फिरत फिरत थांबला.

"काय झालं?" रामकिसननं विचारलं.

"आपल्या घराला अर्थिंग नाय."

 तात्यासाहेबांनी भिंत, पाया, गवंडी, तार, सगळं सांगून टाकलं. सांगताना ते जमिनीकडं बघत होते.

"कधीपासून नाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"भिंत झाल्यापासून."

"म्हणजे फ्रिजला हात लावला की मला मुंग्या यायच्या, त्या..."

"व्हय."

"तुम्ही म्हणला होता, बी-ट्वेल्व्ह कमी हाय."

तात्यासाहेबांनी हातातला टेस्टर खिशात ठेवला.

"वर्षभर गोळ्या खाल्ल्या मी," द्वारकाबाई म्हणाल्या. "शेवग्याचा पाला खाल्ला. दोनदा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणायचा, आजी, तुमचं बी-ट्वेल्व्ह माझ्यापेक्षा चांगलं हाय."

रामकिसननं फारूखकडं पाहिलं. "म्हणजे आज बसत नाय तर. मी म्हणतच व्हतो, जुन्या घरात असंच असतं. फ्लॅटमध्ये हे सगळं आधीच..."

"तुम्ही जरा थांबा," सत्यशीला म्हणाली. एरवी ती नवऱ्याला चारचौघांत अडवत नसे. "मामा बोलले नसते तर आपल्याला कळलं असतं का? चिमणी चालूच व्हती की. आत्याबाईंचा हात ओला व्हता." आणि सासऱ्याकडं वळून तिनं विचारलं, "मामा, ती तार परत जोडता येईल का?"

"येईल. पण खड्डा त्याच्या अंगणात हाय."

त्याच्या म्हणजे कुणाच्या ते सांगायची गरज नव्हती. रामकिसन म्हणाला, काका फाटक उघडणार नाहीत. तात्यासाहेब म्हणाले, मी त्याच्या दारात जाणार नाही. फारूख म्हणाला, मग मी निघू का? द्वारकाबाई ह्यातलं काही न ऐकता मागच्या दारानं अंगणात गेल्या. भिंतीच्या कडेला एक बादली पालथी घातलेली होती. ती कायम तिथं का असते, हा प्रश्न तात्यासाहेबांना कधी पडला नव्हता. द्वारकाबाई सरावानं तिच्यावर चढल्या. त्यांनी हाक मारायच्या आधीच पलीकडून जाऊबाईंचं, आवडाबाईंचं डोकं वर आलं.

"काय फोडलं बाई? मी कवाची वाट पाहायले तुम्ही कधी सांगताल म्हणून."

"तुमचं बोलणं हाय?" तात्यासाहेबांनी दारातून विचारलं.

"भांडण तुमचं झालं," द्वारकाबाई मागं न वळता म्हणाल्या. "आमचं कुठं झालं?"

"भाऊजी, यंदाचं लोणचं बरं झालं का?" आवडाबाईंनी विचारलं. "मोहरी जरा जास्त पडली व्हती."

त्या लोणच्याचं कौतुक तात्यासाहेबांनी उन्हाळाभर केलं होतं, आणि बायकोनं ते मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.  त्यांनी जाऊन चप्पल घातली, आणि द्वारकाबाई त्यांच्यामागं निघाल्या.

बद्रीनाथ आपल्या अंगणात हात मागं बांधून उभे होते. त्यांची सगळी नोकरी शेतकी खात्याच्या रोपवाटिकेत झाली होती. हर्सूलपासून अजिंठ्यापर्यंत लोक त्यांच्या हातची कलमं लावत आणि त्यांना झाडांचे मास्तर म्हणत. थोरला भाऊ फाटकातून आत आलेला पाहून ते द्वारकाबाईंकडं वळले.

"वहिनी, ह्यांना विचारा, काय काम काढलं."

"आवडाबाई, त्याला सांगा, अर्थिंगचा खड्डा बघायचाय."

"वहिनी, त्यांना सांगा, अंगण माझ्या वाटणीला आलंय."

"त्याला सांगा, अंगण आलंय, खड्डा नाय आला. खड्डा मी खणलाय."

"सांगा त्यांना, खणला असंल, पण अर्धा कोळसा मी डोक्यावर वाहिलाय."

"कुठं अर्धा?" तात्यासाहेब थेट भावाकडं वळले. "दोन घमेली आणलीस आणि पाठ दुखती म्हणून बसलास."

"चार व्हती."

"दोन."

दोघी बायका बाजूला झाल्या. आता त्यांची गरज उरली नव्हती.

खड्डा कुठं, ह्यावरही वाद झाला. तात्यासाहेब भिंतीपासून पावलं टाकत गेले आणि एका लिंबाच्या झाडापाशी थांबले. झाड कमरेएवढं, पानांच्या कडा करपलेल्या, एका बाजूला नुसत्या काड्या.

"हे इथं कुणी लावलं?"

"मी लावलं. काहून?"

"बरोबर खड्ड्यावर लावलंस. अरे, इथं मी पोतंभर मीठ ओतलंय."

बद्रीनाथांनी झाडाची एक वाळकी काडी मोडून हातात घेतली.

"मीठ?"

"कोळसा आणि मीठ. अर्थिंगला घालावंच लागतं."

"मी ह्याला शेणखत घातलं," बद्रीनाथ सावकाश म्हणाले. "निंबोळी पेंड घातली. ताक घातलं. दोनदा वरची माती बदलली. एक लिंबू धरलं नाय ह्यानं. लोक येतात, कलम घेऊन जातात, त्यांच्याकडं टोपल्यानं लिंबं. आणि जाताना मला विचारतात, मास्तर, तुमचंच झाड असं काहून? मी सांगायचो, जातच वेगळी हाय. शोभेची हाय."

आवडाबाईंनी तोंडाला पदर लावला. द्वारकाबाईंचे खांदे हलायला लागले होते.

तात्यासाहेबांना हसू आलं असतं, पण त्यांच्याही बाजूचं सांगायचं राहिलं होतं. "माझंबी ऐक," ते म्हणाले. "भिंत झाली तेव्हापासून माझ्या घराला अर्थिंग नाय."

"तुझ्या घराला?"

"व्हय."

"तुझ्या? माझ्या व्याह्याला भर मांडवात खांबापाशी नेणाऱ्याच्या?"

"व्हय म्हणलं ना."

बद्रीनाथांचा चेहरा उजळला. झाड वाया गेल्याचं दुःख त्या एका बातमीनं निम्मं झालं. त्यांनी लुंगी खोचली आणि पहार आणायला गेले.

लिंबू त्यांनी मुळांवरच्या मातीच्या गोळ्यासकट असं उचललं की एक पान गळलं नाही, आणि कोपऱ्यात चांगल्या मातीत नेऊन ठेवलं. तात्यासाहेबांना ते कसब बघत उभं राहावंसं वाटलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. खाली पाइपाचं तोंड सापडलं. सासऱ्यानं ट्रंकेत जपून ठेवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं सत्यशीलेनं आणून दिलं. रामकिसननं भिंतीच्या बुडाशी छिन्नीनं भोक पाडलं. तात्यासाहेब उकिडवे बसून पाइप घासूनपुसून तार आवळायला लागले आणि बद्रीनाथ वरून सूचना द्यायला लागले. त्यातली एकही कामाची नव्हती. पाना निसटला तेव्हा मात्र त्यांनीच खाली बसून पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तार मीटरपर्यंत नेऊन जोडल्यावर तात्यासाहेबांनी मेन स्विच वर केला आणि टेस्ट लॅम्पचं टोक पुन्हा त्या मोठ्या भोकात घातलं. ह्या वेळी सगळे बघत होते. बल्ब लख्ख लागला. टेस्टर चिमणीच्या पत्र्याला टेकवला, तो काळाच राहिला. फारूखनं चहाचा कप खाली ठेवला, सह्या घेतल्या, आणि जिन्सीला बहीण वाट बघत असेल म्हणून निघून गेला.

संध्याकाळी द्वारकाबाईंनी तव्यावर मिरच्या टाकल्या. सत्यशीला शेजारी उभी राहिली, कपाळ सांभाळून. मिरच्या तडतडल्या, धूर उठला आणि सरळ वर गेला. ती खोकली नाही. आणखी थोड्या टाका, असं ती म्हणाली. रामकिसन जेवायची ताटं मांडत होता. बीड बायपासचं नाव त्या दिवशी त्यानं काढलं नाही. तात्यासाहेब बऱ्याच दिवसांनी सोफ्यावर बसले होते.

तेवढ्यात पुढचं फाटक वाजलं. बद्रीनाथ दारात उभे होते. डोळे लाल, नाकाला पंचा. भिंत झाल्यापासून त्यांनी ह्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता ते तरातरा आत आले.

"हे काय चालवलंय? तुमच्या भिंतीच्या त्या भोकाचं तोंड नेमकं माझ्या अंगणाकडं. आवडा खोकायली, मी खोकायलोय. माझं लिंबू आत्ताच हलवलंय, त्याला आता मिरचीचा धूर? पाइप वर वळवून घ्या. छपराच्या वर न्या."

"छपराच्या वर नेला तर ओढ कमी होती," तात्यासाहेब म्हणाले.

"व्हऊ दे."

"असं कसं व्हऊ दे? लांब पाइपात तेल साचतं. पेटलं तर कोण जबाबदार?"

"मग दुसरीकडं काढा."

"दुसरीकडं कुठं? ह्या बाजूला खिडकी, त्या बाजूला मीटर."

आवाज चढत गेले. द्वारकाबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि पीठ आणखी थोडं मळायला घेतलं. सत्यशीलेनं मागच्या अंगणात जाऊन बादलीवर न चढताच हाक मारली, तिची उंची तेवढी होती. थोड्या वेळानं आवडाबाई पुढच्या दारानं आल्या, हातात झाकलेलं पातेलं.

"चला घरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "की झालं मिटवून?"

"मिटलं नाय अजून," बद्रीनाथ म्हणाले, आणि पाट ओढून जेवायला बसले.